दारीओसाठी जागर

९ जुलै १९९६, मंगळवार

मामा हो म्हणाले! गुरुवारी जागर. रेनाताबाईंनी भर अंगणात मला मिठी मारली, त्यांचे डूल माझ्या केसांत अडकले आणि कोंबड्या पळाल्या.

आणि मी खोटं बोलले. इथे लिहून टाकते. दुसरीकडे बोलायची सोय नाही.

पंधरा दिवस मी बाईंची दुभाषी आहे. शाळेला सुट्टी, आणि वाडीत दोन्ही भाषा नीट येणारी मास्तरीण म्हणून मलाच बोलावलं. बाईंचा अभ्यास असा, की जगात कुठकुठले लोक कुठला पाला, कुठला वेल, कुठला निवडुंग खातात आणि त्यांना त्यात काय दिसतं. आमच्या डोंगरातली अळंबी हे पुस्तकाचं शेवटचं प्रकरण. आणि रात्रभर अळंबीचा जागर करून दुखणं शोधणारा, क्रिसोफोरो मामांसारखा जाणता आता या डोंगरात दुसरा नाही, हे हुआउत्लाच्या बाजारातला हमालही सांगेल. माझ्या आईचे सख्खे भाऊ. त्यांना स्पॅनिश येत नाही, बाईंना मासातेक येत नाही. मध्ये मी.

रोज बाई विचारायच्या, रोज मामा नाही म्हणायचे. रागाने नव्हे. आमच्यात चिमुकल्यांना उगाच कुणी हात लावत नाही – अळंबी म्हणतसुद्धा नाही कुणी, चिमुकलीच म्हणतात. घरात दुखणं हवं, माणूस हरवलेलं हवं, काहीतरी अडलेलं हवं. पाहायचंय म्हणून पाहणं हे मामांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

आज बाई म्हणाल्या, "सांग त्यांना, मी वेलीचा काढा घेतलाय, निवडुंग खाल्लाय, आफ्रिकेतली मुळी चावलीय. मला तुलना करायचीय." मी सांगितलं. मामा म्हणाले, "एवढ्या जणांना विचारून आली आणि हिला अजून उत्तर मिळालं नाही? प्रश्न तरी काय आहे हिचा?" मग नेहमीचं – "दुखणं कुणाचं?"

बाई म्हणाल्या, "दुखणं कुणाचंच नाही. अभ्यास आहे."

मी मामांकडे वळले आणि म्हणाले, "बाईंचा मुलगा आजारी आहे."

जीभ अडखळलीसुद्धा नाही! मामांचा चेहराच बदलला. "मग इतके दिवस गप्प का बसली?" लाजते, मी म्हणाले. "नाव काय लेकराचं?" दारीओ. "केवढा?" सात वर्षांचा. झोपत नाही. वाळत चाललाय. – एकामागून एक, जणू मीच त्याला न्हाऊ घातलं होतं. आणि बाई शेजारी बसून हसतमुखाने मान डोलवत होत्या, त्यांना वाटलं अभ्यासाची चर्चा चाललीय. मामा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "धीराची बाई आहे."

नोव्हेंबरात राजधानीत परिषद आहे. बाई मला व्यासपीठावर बसवणार. पुस्तकावर दुसरं नाव माझं. जागर झाला नसता तर ते प्रकरणही नसतं आणि मीही नसते. बस, एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

१० जुलै, बुधवार

मामांनी आजपासून उपास धरला. दवाखान्यातल्या नर्सने साखरेच्या दुखण्यामुळे उपाशी राहू नका म्हणून बजावलंय. मी आठवण करून दिली. "लेकराचं काम आहे," म्हणाले.

१२ जुलै, शुक्रवार

जागर झाला. डोळे चुरचुरताहेत पण झोप येत नाही.

सगळं रीतीने झालं. कोकोच्या बिया, टर्कीचं अंडं, धूप. मामांनी चुना-तंबाखू माझ्या आणि बाईंच्या मनगटांना चोळली. चिमुकली जोडीजोडीने खाल्ली – जास्तीची त्यांनी, थोडीशी बाईंनी. मी नाही, दुभाष्याला शुद्धीत राहावं लागतं. बाईंनी टेपरेकॉर्डर पायाशी ठेवला होता. मग मेणबत्ती विझवली.

आणि मामा दारीओला शोधायला निघाले. अंधारात त्यांचा आवाज इकडून तिकडे फिरत होता. "दारीओ, कुठल्या वाटेनं गेलास बाळा? मी आलोय. मी पाणी घेऊन आलोय. तुझ्या आईचं घर दिसतंय मला. उंच घर. जिना. जिना. जिना. हे दार. ही खाट. खाट रिकामी आहे. दारीओ! पलंगाखाली आहेस का? ठसा कुठाय तुझ्या पायाचा?" पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा जिना.

बाईंनी कानाशी येऊन विचारलं, "दारीओ कोण?"

मी म्हणाले, "एक संत आहे. आमच्याकडचा."

बाई रडल्या. कशासाठी माहीत नाही, चिमुकल्यांनी पुष्कळ जण रडतात. पण मामांना वाटलं आई रडतेय, आणि ते आणखी जोर लावून शोधायला लागले. किती वेळ! शेवटी आवाज बसला. उजाडायच्या सुमाराला तेच रडले. माझ्या जन्मात मी मामांना रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

"लिंदा, तिला सांग. मी तिच्या लेकरापर्यंत पोचलो नाही. मला दिसलं नाही. म्हणावं, माफ कर."

मी बाईंना सांगितलं, "ते म्हणतात, तुमचं मन फार मोठं आहे."

बाईंनी त्यांचे हात हातात घेतले. दोघंही रडत होते. मी मध्ये बसले होते, ढिम्म.

१३ जुलै, शनिवार

काही खाववत नाही. नवऱ्याला, तासियोला, वाटतं मी चोरून चिमुकली खाल्ली.

१५ जुलै, सोमवार

बाई सकाळच्या गाडीने गेल्या. जाताना काय उत्साह! "सान दारीओ! लिंदा, या संताची कुठेही नोंद नाही! हा वेगळा लेख होईल!" मी हसले. हसता येतं मला, हे एक नवीन कळलं.

मामांना अजून सांगितलेलं नाही. जागरानंतर चार दिवस पथ्य असतं. कुणाला काही द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही, घरातलं मीठसुद्धा उसनं जात नाही. आणि रागाचं, दुःखाचं बोलणं काढायचं नाही. ते काढलं तर जाणत्याचं डोकं फिरतं म्हणतात. म्हणून मी गप्प आहे. मामांच्या भल्यासाठी!

पथ्य उद्या सुटेल.

१६ जुलै, मंगळवार

सुटलं. मामांच्या दारापर्यंत गेले. ते कॉफीच्या बिया निवडत बसले होते. मीही बसले, निवडल्या, घरी आले.

१८ जुलै, गुरुवार

आज जे पाहिलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

ओबदुलिया आपल्या मुलीला, इनेसला घेऊन मामांकडे आली होती. इनेस माझ्याच वर्गातली, नऊ वर्षांची. पंधरवड्यापूर्वी नदीवर धुणं धुताना पाय घसरून पाण्यात गेली. लोकांनी लगेच ओढून काढली, पण धसका घेतला पोरीने. तेव्हापासून एक शब्द नाही. खाणं म्हणजे मक्याची पेज, तीही आईने तोंडाला लावली तर. डॉक्टरने तपासलं, काही सापडलं नाही, एक गोड औषध दिलं. हे दुखणं मामांचं! अशा पोरांना त्यांनी किती वेळा परत आणलंय. वर्गात वात्रट म्हणून मी जिला कोपऱ्यात उभी करायचे ती पोर आज मामांच्या ओट्यावर लाकडासारखी बसली होती.

मामा म्हणाले, "माझ्याच्यानं होणार नाही."

ओबदुलियाला वाटलं आधी नाही म्हणून भेट मागून घ्यायची रीत चाललीय. तिने पदराखालची अंडी पुढे केली. मामांनी हातच लावला नाही. म्हणाले, "पोरी, मी आंधळा झालो. बाईंच्या लेकराला शोधायला गेलो, काहीच दिसलं नाही. आजारी लेकरू दिसतं. मेलेलं असलं तरी कुणीतरी सांगतं, गेलं म्हणून. मला कुणी काहीसुद्धा सांगितलं नाही. चिमुकली माझ्याशी बोलेनाशी झालीत. असल्या माणसाच्या हाती तुझी मुलगी देऊ नकोस."

आत बघितलं. देव्हाऱ्याच्या मेजावर काही नाही. पिसं, धुपाटणं, सगळं पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवलंय.

ओबदुलिया माझ्याकडे वळली. "तुम्ही तरी सांगा ना मास्तरीणबाई. तुमचं ऐकतात ते."

मी म्हणाले, "थोडे दिवस जाऊ दे."

थोडे दिवस! पोरीच्या मनगटाची हाडं दिसताहेत.

२१ जुलै, रविवार

देवळात मिसेला, रविवारच्या प्रार्थनेला गेले. फादरांनी आजाऱ्यांची नावं वाचली. तोमास, जो झाडावरून पडला. लेओबार्दाची सून. इनेस. आणि – "दारीओ, परगावच्या बाईंचा मुलगा."

ओबदुलियाने नाव दिलं असणार. अख्ख्या देवळाने मान खाली घातली. मीही घातली, दुसरीकडे कुठे बघणार? फेलीसितासने तर तिच्या दुकानातली उंच मेणबत्ती आणून लावली, जी ती सख्ख्या भावाच्या वर्षश्राद्धालाही लावत नाही. बाहेर आल्यावर बायका विचारतात, काही कळलं का गं त्या लेकराचं? मी म्हणाले, थोडं बरं आहे म्हणे. एकीने आकाशाकडे बघून हात जोडले. एकीने विचारलं, काय खातो? मी म्हणाले, सूप.

सूप!!

घरी येऊन तासियोला सगळं सांगितलं. आधी तो हसला, संताच्या गोष्टीला. मग चमचा खाली ठेवला. "आणि इनेस?" म्हणाला. "लिंदा, अगं, तू शिकलेली ना?" एवढंच म्हणाला आणि शेतावर निघून गेला. रविवारी.

२३ जुलै, मंगळवार

सांगितलं! आणि काय झालं?

पाठ करून गेले होते. मामांच्या पुढ्यात बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मामा, दारीओ नावाचा मुलगा नाही. बाईंना मूलच नाही. तुम्ही जागराला हो म्हणावं म्हणून मी बनवून सांगितलं. तुम्ही आंधळे झाला नाहीत. खाट रिकामी दिसली कारण ती रिकामीच आहे."

मामा ऐकत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"अगदी आईवर गेलीस. तीही असंच करायची. माझं मक्याचं शेत वाहून गेलं तेव्हा म्हणाली, तुझी जमीनच वाईट होती, बरं झालं. मला वाईट वाटू नये म्हणून काहीही बोलायची."

"मामा, मी खरं सांगतेय!"

"हो हो."

"शप्पथ!"

"शपथा घेऊ नकोस पोरी, खोट्या शपथेचं पाप लागतं. आजारी लेकरू बनवून कोण सांगेल? आपल्या डोंगरात अशी बाई जन्मली नाही. दारुड्याची बायकोसुद्धा असलं खोटं बोलत नाही. आणि तू तर माझ्या लुइसाची मुलगी."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जितकी रडले तितकी त्यांची खात्री पटत गेली, की मी त्यांच्यासाठीच रडतेय. शेवटी त्यांनीच मला कॉफी करून दिली.

२४ जुलै, बुधवार

माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

२५ जुलै, गुरुवार

फेलीसितासच्या दुकानातून राजधानीला फोन लावला. वाडीत फोन तोच एक, लाकडी खोक्यात; दार लावलं तरी साबणाच्या वड्या निवडणाऱ्या बायकांना सगळं ऐकू जातं. म्हणून कुजबुजत बोलले. लाइन खराब. "मोठ्याने बोल!" बाई ओरडत होत्या. मी कुजबुजतच त्यांना सगळं सांगितलं. मुलगा. संत. मामांचं पोतं. इनेस.

मग बाई म्हणाल्या, "म्हणजे ते रात्रभर माझ्या मुलाला शोधत होते?"

"हो."

"मला मूल नाही, लिंदा."

"माहीत आहे, बाई."

"आणि सान दारीओ?"

तोही मीच बनवला, म्हणाले. त्या रागावल्या नाहीत, पण आवाज इतका बारीक झाला की मी पायाची बोटं आवळून उभी होते. म्हणाल्या, टेप कपाटात बंद करते, हे प्रकरण छापणार नाही. मी परिषदेचं विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

पण एक मान्य केलं. रविवारी मामांशी स्वतः बोलणार. "मी त्यांना खरं काय ते सांगते," म्हणाल्या.

मामांना जाऊन सांगितलं, बाई स्वतः सांगतील. ते म्हणाले, "सांगेल ती तिच्या भाषेत. मला कळवणार कोण?"

"मी."

"म्हणजे पुन्हा तूच." आणि प्रेमाने हसले. खरंच की! बाई कितीही खरं बोलल्या तरी मामांच्या कानात जाणार ते माझ्याच तोंडून. मग काय करायचं, विचारलं. त्यांनी एक बी उचलली, फुंकर मारली.

"फेलीसितास सांगू दे. दुकानापुरतं स्पॅनिश येतं तिला. तिनं जन्मात कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोललेला नाही. ती म्हणाली तर मानेन."

देवा. सगळ्या वाडीत फेलीसितास!

२६ जुलै, शुक्रवार

तिच्या पोराला मी तिसरीत बसवून ठेवलं तेव्हापासून ही बाई मला साखर देताना तराजूची दांडीसुद्धा स्थिर होऊ देत नाही. सकाळी फोनवर आलेली बातमी हिच्या दुकानातून दुपारी वरच्या वस्तीत पोचते. हिला सांगणं म्हणजे देवळाच्या कर्ण्यावर सांगणं.

गेले. दुकान रिकामं होईपर्यंत काड्यापेट्या बघत उभी राहिले. मग सांगितलं, जमिनीकडे बघून.

ती तेल मापत होती. माप पूर्ण भरलं.

"सूप खातो म्हणालीस."

"हो."

"मी कोंबडीचं सूप पाठवायचा विचार करत होते. गाडीवाल्याबरोबर." झाकण लावलं. "परिषदेसाठी?"

"हो."

"बरं. रविवारी मिसेनंतर घेऊन ये म्हाताऱ्याला. आणि तू बाहेर उभी राहायचं. तुझं तोंड दिसलं की तो तुझ्याकडेच बघणार आणि मग माझं काय ऐकणार?"

उद्यापर्यंत सगळ्या वाडीला कळेल. कळू दे. बाहेर जायची नाही मी.

२८ जुलै, रविवार

मामा नवा सदरा घालून आले. फोनवर त्यांना आजवर कुणी बोलावलं नव्हतं. खोक्यात ते आणि फेलीसितास मावतही नव्हते, तिने त्यांना स्टुलावर बसवलं आणि दार ओढून घेतलं. दुकानात गर्दी होती ती तिच्या पोराने बाहेर काढली. आम्ही सगळे रस्त्यावर. मी भिंतीला पाठ लावून उभी. आत काय चाललंय ते कळत नव्हतं, फक्त फेलीसितासची वेणी काचेवर हलताना दिसत होती. दार ओढायच्या आधी मामांनी रिसीव्हर कानाला लावला होता, उलटा. तिने तो सरळ केला.

दार उघडलं. मामा बाहेर आले. माझ्यापाशी थांबले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता.

"खाट रिकामीच होती," मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले.

"हो मामा."

"म्हणजे मला दिसलं होतं ते खरं होतं."

"हो."

त्यांनी मान हलवली, कितीतरी वेळ. मग म्हणाले, "आणि ते खोटं तूच बोललीस. माझ्या लुइसाची लिंदा." एवढं म्हणून चालायला लागले. मी हात धरायला गेले, चढ आहे तिथे. त्यांनी हात काढून घेतला. चढ एकटेच चढले, दोनदा थांबून.

फेलीसितास दारात उभी होती. माझ्याकडे न बघता तिने पोराला हाक मारली, स्टूल आत ने म्हणून.

३१ जुलै, बुधवार

काल मामांनी पोतं सोडलं. काल रात्री इनेससाठी जागर.

मला बोलावलं नाही. मेणबत्ती धरायला ओबदुलियाची बहीण होती. आईनंतर जागरात मामांच्या कानाशी मीच बसत आले, लग्नाआधीपासून. पहाटे त्यांच्या कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिले. आवाज ऐकू येत होता. खणखणीत! "इनेस, कुठल्या दगडाखाली ठेवलंय गं तुला?" – आणि थोड्या वेळाने – "हां. हां. सापडलीस. चल." मी तिथेच चिखलात बसले आणि तोंडावर शाल दाबून रडले.

दुपारी ओबदुलिया भेटली. पोर बोलली. काय बोलली? सकाळी आई वेणी घालत होती तेव्हा म्हणाली, "ओढू नको ना!" ओबदुलिया हे सांगताना हसत होती, रडत होती, आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, कसं म्हणाली, मान कशी झटकली. भाकरीही खाल्ली म्हणे, अर्धी.

संध्याकाळी धीर करून मामांकडे गेले. अंगण झाडत होते. मी म्हणाले, मामा, रागावलात?

"रागावलो नाही. पथ्य आहे, रागावता येत नाही." झाडत राहिले. "पथ्य सुटल्यावरही नाही रागावणार. पण माझ्या कानाशी आता तू बसू नकोस. तिथे मी जे ऐकतो ते खरं धरून चालतो. दुसरं मला येत नाही."

मी हो म्हणाले. त्यांनी मला जेवायला थांबवलं. घेवडा आणि मिरची. नेहमीसारखीच भाकरी आधी माझ्या पानात टाकली. तीच मला गिळवेना.

२ ऑगस्ट, शुक्रवार

एक कळत नाही. कुणीच काही बोलत नाही!

नदीवर गेले, बायकांनी दगडावर जागा करून दिली. लेओबार्दाने विचारलं, त्या दारीओचं काय कळलं का. मला वाटलं टोमणा. तिच्या तोंडाकडे नीट बघितलं – नाही, खरंच विचारत होती. मामा सांगणार नाहीत, ते कुणाचं कुणाला सांगत नाहीत. पण फेलीसितास? आठ दिवस? तिच्या पोटात तर कुणी किती साबण नेला तेही राहत नाही.

तासियो म्हणतो, वाट बघतेय ती, सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर काढेल. मलाही तसंच वाटतं. रोज सकाळी उठते ती तयारीनेच.

४ ऑगस्ट, रविवार

मीच गेले. साखर घ्यायच्या निमित्ताने. दुकानात कुणी नव्हतं. म्हणाले, सांगायचं तर सांगून टाक एकदाचं, ही टांगती तलवार मला सोसत नाही.

फेलीसितासने बाहेर डोकावून पाहिलं, मग दार लोटलं.

"काय सांगू? तुझी ती बाई फोनवर म्हाताऱ्याचा आवाज ऐकून रडायलाच लागली. मला म्हणते, त्यांना सांगा मुलगा बरा झाला. त्यांच्यामुळेच बरा झाला, आता झोपतो, खातो, देव त्यांचं भलं करो. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हेच. मी म्हटलं, बाई, मूल आहे की नाही ते सांगा. तर म्हणे, सांगा ना, बरा झाला."

"आणि तू मामांना—"

"म्हटलं, ती म्हणतेय मूल नाही, कधी नव्हतंच." तिने पदराने गळा पुसला. "आता हे कुणाला सांगू? तुझं सांगायला जावं तर माझंही बाहेर येतं. म्हातारा माझ्या तोंडावर विसंबून आला होता."

"पण तुला कसं ठाऊक, मी खरं बोलत होते?"

"ठाऊक कुठलं? एक ती म्हणतेय बरा झाला, एक तू म्हणतेस जन्मलाच नाही. तू इतकी वर्षं माझ्या तोंडाकडे सरळ बघून बोलतेस, पोराला नापास केलंस तेव्हासुद्धा. त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीकडे बघत होतीस. म्हटलं, हेच खरं असणार."

साखरेचं पोतं उघडून ती थांबली. हात आतच.

"लिंदा, आठ दिवस झोप नाही मला. नव्हतंच ना गं ते लेकरू?"

नव्हतं, म्हणाले मी. तिने सुस्कारा टाकला आणि साखर तोलायला घेतली.